सुट्टीच्या आठवड्यातली चिडचिड

*ताई, माझं वय 31, मुलगी पाच वर्षांची. पाळीच्या आधीचे आठ-नऊ दिवस माझे नसतातच. छाती भरून येते, पोट फुगतं, हे एक वेळ सोसता येतं. पण डोकं फिरतं ते सोसवत नाही. भांडं पडल्याच्या आवाजानेही रडू येतं, मुलीवर ओरडते आणि मग रात्रभर स्वतःला खात बसते. पाळी आली की दोन दिवसांत मी पुन्हा माणसांत येते. पाच महिन्यांपूर्वी दुसरं मूल नको म्हणून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या, 21 दिवस गोळी आणि 7 दिवस सुट्टी. पाकिटावर लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि इथिनाइल इस्ट्राडायोल असं लिहिलं आहे. पाळीआधीचा त्रासही कमी होईल म्हणाल्या. पोटातल्या कळा गेल्या, अंगावरून जाणं निम्म्यावर आलं. पण चिडचिड गेली नाही, फक्त तिने जागा बदलली. आता ती गोळ्या संपल्यावर तिसऱ्या दिवशी येते, डोकेदुखी सोबत घेऊन. बहीण म्हणते, या गोळ्यांनी मन बिघडतं, फेकून दे. मैत्रीण म्हणते, तिचा सगळा त्रास याच गोळ्यांनी गेला. नवरा भांडणात म्हणतो, "आली वाटतं तारीख जवळ." गोळ्या बंद करू का? तुम्ही मला धाकटी बहीण समजून सांगा.*

धाकटी बहीण समजायला सांगितलंस, म्हणून 'तू'च म्हणते.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी दोनदा रेघ मारली: "चिडचिड गेली नाही, फक्त तिने जागा बदलली." दवाखान्यात समोर बसलेली बाई एवढं नेमकं क्वचित सांगते. "गोळ्या मानवत नाहीत" इतकंच सांगितलं जातं, आणि मग कुठली गोळी, कधी, पाकिटातल्या कितव्या दिवशी हे विचारता विचारता वेळ संपते. तू दिवस सांगितलास. त्यावरून बरंच काही कळतं.

आधी गोळी नव्हती तेव्हा काय होत होतं ते बघू. महिन्याच्या साधारण मध्यावर बीजांडकोशातून स्त्रीबीज बाहेर पडतं. ते जिथून सुटतं ती जागा पुढचे जवळजवळ दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन तयार करते, सोबत थोडं इस्ट्रोजेनही. गर्भ राहिला नाही की दोन्हींची पातळी घसरते आणि पाळी येते. तुझे ते आठ-नऊ दिवस याच चढउताराच्या शेवटच्या टप्प्यातले. आता तुझ्या गोळीतही याच दोन संप्रेरकांची, म्हणजे हार्मोन्सची, कृत्रिम भावंडं आहेत. ती रोज ठरावीक मात्रेत बाहेरून मिळत राहिली की मेंदूतल्या पीयूष ग्रंथीला वाटतं, इथे सगळं पुरेसं आहे, आणि ती बीजांडकोशाला हुकूम द्यायचं थांबवते. स्त्रीबीज सुटतच नाही. मग चढ नाही, उतार नाही, आणि हिशेबाने त्रासही नाही. तुझ्या डॉक्टरांनी दिलेल्या आश्वासनामागे हे गणित होतं. ते चुकीचं नव्हतं. तुझ्या मैत्रिणीच्या बाबतीत ते जुळलं.

तुझ्या बाबतीत गणित मोडतं ते त्या सात दिवसांत. एकविसावी गोळी संपली की बाहेरचा पुरवठा एकदम थांबतो, दोन-तीन दिवसांत पातळी खाली येते आणि अंगावरून जायला लागतं. याला आपण पाळी म्हणतो, पण ती तशी पाळी नव्हे. औषध काढून घेतल्यामुळे गर्भाशयाचं अस्तर सुटतं, इतकंच. त्याच आठवड्याच्या उत्तरार्धात पीयूष ग्रंथी जागी होते आणि बीजांडकोश आपलं इस्ट्रोजेन पुन्हा बनवू लागतो. म्हणजे गोळीने जो चढउतार तीन आठवडे थोपवून धरला होता, तो छोट्या आकारात सुट्टीच्या आठवड्यात परत येतो. डोकेदुखी, फुगलेपण, छाती दुखणं, उतरलेलं मन हे सगळं गोळी घेणाऱ्या कितीतरी जणींना गोळीच्या दिवसांपेक्षा सुट्टीच्या दिवसांत जास्त जाणवतं. तुझा "तिसरा दिवस" इथे चपखल बसतो.

तुझी बहीण म्हणते गोळी फेक. मला तुझ्या पत्रावरून उलटा संशय येतो. तुला त्रास गोळीचा होत नसावा, गोळी नसण्याचा होत असावा.

मग ही सुट्टी ठेवली कशाला? गोळी पहिल्यांदा आली तेव्हाची गोष्ट आहे. अमेरिकेत तिला 1957 मध्ये मान्यता मिळाली ती पाळीच्या तक्रारींवरचं औषध म्हणून, आणि गर्भनिरोधक म्हणून 1960 मध्ये. म्हणजे "गर्भनिरोधक गोळी पाळीच्या त्रासाला कशी काय देतात?" हा प्रश्न इतिहासाला उलटा लागू पडतो. महिन्याच्या महिन्याला रक्त दिसलं की बाईला नेहमीसारखं वाटेल, गर्भ राहिला नाही याचीही खात्री पटेल, म्हणून गोळ्यांचं वेळापत्रक पाळीसारखं बेतलं गेलं. शरीराची ती गरज नव्हती. ब्रिटनमधल्या लैंगिक व प्रजनन आरोग्याच्या तज्ज्ञसंस्थेने 2019 मध्ये स्पष्ट लिहिलं, की सात दिवसांच्या सुट्टीचा आरोग्याला काही फायदा नाही. रक्त साठून राहील, ते "घाण" आत कोंडेल, ही भीती मी रोज ऐकते. गोळी चालू असताना अस्तर मुळातच पातळ राहतं. बाहेर पडण्याजोगं फारसं काही साठतच नाही.

म्हणून तुझ्या डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हा: माझी सुट्टी कमी करता येईल का? चार दिवसांची करता येते. तीन पाकिटं सलग घेऊन मग एकदा सुट्टी घेता येते. 84 दिवस गोळी आणि मग सात दिवस मोकळे, अशी पाकिटं अमेरिकेत 2003 पासून आहेत. किंवा सुट्टीच न घेता चालू ठेवता येतं. तुझ्या पाकिटातल्या सगळ्या गोळ्या एकाच ताकदीच्या असतील तर हे सोपं जातं. ताकद बदलत जाणारी पाकिटंही असतात, त्यांचं आधी विचारावं लागतं. याची एक कटकट आधीच सांगते. पहिले काही महिने मध्येच कधीतरी डाग दिसतात, कधी तीन-चार दिवस सलग. बायका घाबरतात आणि सोडून देतात. बहुधा ते पुढे कमी होत जातं, आणि न थांबल्यास चार दिवसांची सुट्टी घेऊन पुन्हा सुरुवात करायला सांगतात.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. सुट्टी कमी केल्याने गर्भनिरोधन कमजोर होत नाही, सुट्टी वाढल्याने होतं. सातव्या दिवसानंतर नवं पाकीट सुरू करायला उशीर झाला की स्त्रीबीज सुटायची शक्यता वाढते. सगळ्यात महागात पडणारी विसर म्हणजे पहिल्या गोळीची.

आता बहिणीकडे वळते, कारण तीही पूर्ण चुकीची नाही. डेन्मार्कमध्ये 15 ते 34 वयाच्या दहा लाखांहून जास्त स्त्रियांच्या नोंदी तपासून 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संप्रेरकांची गर्भनिरोधकं न वापरणाऱ्यांमध्ये वर्षाला शंभरात सुमारे 1.7 जणींना पहिल्यांदा नैराश्यावरचं औषध लागलं, वापरणाऱ्यांमध्ये सुमारे 2.2 जणींना. विशीच्या आतल्या मुलींमध्ये हा फरक जास्त होता. अशा अभ्यासातून गोळीनेच नैराश्य आणलं असं सिद्ध होत नाही, आणि फरकही "फेकून दे" म्हणण्याइतका मोठा नाही. पण काहीच नाही असंही म्हणता येणार नाही. काही जणींना गोळीच्या एकवीस दिवसांतच मन जड वाटतं, आणि त्यांना "मनाचे खेळ आहेत" असं सांगून परत पाठवणं मला मान्य नाही.

एकाच गोळीने एकीला आराम आणि दुसरीला त्रास, हे कसं? या प्रश्नाचं मला सर्वांत पटलेलं उत्तर 1998 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या एका प्रयोगातून आलं. पाळीआधी तीव्र त्रास होणाऱ्या स्त्रियांचे बीजांडकोश औषधाने तात्पुरते शांत केले. बऱ्याच जणींचा त्रास गेला. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिलं, तर त्रास परतला. हेच सगळं असा त्रास मुळात नसलेल्या स्त्रियांबाबत केलं, आणि त्यांना काहीच झालं नाही. औषध तेच, मात्रा तीच. म्हणजे दोष संप्रेरकांच्या प्रमाणात नव्हता. काहींचा मेंदू त्या बदलाला जास्त हळवा असतो. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचं द्रव्य तयार होतं. एरवी ते मेंदूला शांत करतं, पण काही स्त्रियांमध्ये त्याचीच उलटी प्रतिक्रिया येते असं दिसतं.

यातून तुझ्या कामाची एक गोष्ट निघते: रक्तातली संप्रेरकं तपासून पाळीआधीच्या त्रासाचं निदान होत नाही. तुझा अहवाल "नॉर्मल" येईल, आणि त्रासही खराच असेल. त्या तपासणीवर पैसे घालवू नकोस. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तेवढं बघून घे. थकवा आणि चिडचिड त्यांच्यामुळेही येते.

तपासणीऐवजी वही कर. रोज रात्री झोपण्याआधी दोन मिनिटं. एका रकान्यात पाकिटातला दिवस, पहिला, दुसरा, सुट्टीचा तिसरा असा. पुढच्या रकान्यांत तुला सर्वांत छळणाऱ्या तीन-चार गोष्टी: चिडचिड, रडू, डोकेदुखी, झोप. प्रत्येकीला 1 ते 6 गुण, 1 म्हणजे अजिबात नाही. दोन महिने. आठवून लिहू नकोस, त्याच दिवशी लिही, कारण मागे वळून पाहताना आपण सगळे वाईट दिवस पाळीभोवती गोळा करतो, मीही करायचे. मोठे आकडे सुट्टीत आणि तिच्या आगेमागेच एकवटले असतील तर माझा अंदाज बरोबर आणि सुट्टी कमी करणं हा पहिला उपाय. एकवीस दिवसही आकडे वर असतील तर त्या गोळीतलं प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनचं कृत्रिम भावंड लेव्होनॉरजेस्ट्रेल, तुला मानवत नसावं. आणि पाकिटाचा आणि आकड्यांचा काही मेळच लागत नसेल, तर पाळीला बाजूला ठेवून मनाच्या आरोग्याकडे स्वतंत्रपणे बघायला हवं. नैराश्य असलेल्या बाईचं नैराश्य पाळीआधी वाढतं, आणि मग सगळं पाळीच्या खात्यावर जमा होतं.

"पहिले तीन महिने थांबून बघ" हा नेहमीचा सल्ला तुला देत नाही. तू पाच महिने थांबली आहेस.

गोळी बदलायची वेळ आली तर ड्रोस्पिरेनोन या दुसऱ्या प्रोजेस्टिनचं नाव तुझ्या कानावर येईल, म्हणून त्याबद्दल. 3 मिलिग्रॅम ड्रोस्पिरेनोन आणि 20 मायक्रोग्रॅम इथिनाइल इस्ट्राडायोल, 24 दिवस औषध आणि 4 दिवस मोकळे, अशा गोळीला अमेरिकेत 2006 मध्ये पीएमडीडीसाठी मान्यता मिळाली, तीही गर्भनिरोधन हवं असलेल्यांसाठीच. पीएमडीडी म्हणजे पाळीआधीच्या त्रासाचं ते रूप, ज्यात मनाची लक्षणं इतकी तीव्र होतात की काम आणि नाती कोलमडतात. साधारण शंभरात पाच जणींना ते असतं, आणि 2013 पासून मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात ते स्वतंत्र निदान आहे. ड्रोस्पिरेनोन हे शरीरातलं पाणी आणि मीठ बाहेर टाकणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोन या औषधाचं नातेवाईक. त्यामुळे फुगलेपण कमी व्हायला मदत होते. चाचण्यांमध्ये तीन महिन्यांत लक्षणं कमी झाली. पण त्याच चाचण्यांत नुसती साखरेची गोळी घेणाऱ्याही बऱ्याच सुधारल्या, हे जाहिरातीत कोणी छापत नाही. बाकीच्या गोळ्यांबद्दल मनाच्या लक्षणांपुरता पुरावा कच्चाच आहे. कळा आणि रक्तस्राव मात्र बहुतेक सगळ्यांनी कमी होतो, तुझाही झाला.

ड्रोस्पिरेनोनची किंमतही कळू दे. गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला साधारण 2 जणींच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. तुझ्यासारख्या लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीवर 5 ते 7, आणि ड्रोस्पिरेनोनवर 9 ते 12. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहूनही जास्त असतो, त्यामुळे घाबरून जाऊ नकोस. पण "ही नवी, म्हणून चांगली" असंही समजू नकोस. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाची काही ठरावीक औषधं चालू असतील तर या गोळीने पोटॅशियम वाढू शकतं.

डोकेदुखीबद्दल तू ओझरतं लिहिलं आहेस, मी ओझरतं सोडणार नाही. ती सुरू होण्याआधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेघा येतात का? दृष्टीचा एखादा भाग धूसर होतो का? एका हाताला किंवा गालाला मुंग्या येतात, शब्द अडखळतात, असं कधी झालं आहे का? यातलं एकही उत्तर "हो" असेल तर या पत्राचा बाकीचा भाग बाजूला ठेव आणि लगेच डॉक्टरांना सांग. अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेन असलेली गोळी चालत नाही, पक्षाघाताचा धोका वाढतो. सुट्टी कमी करायचा प्रश्नच मग उरत नाही. रक्तदाब शेवटचा कधी मोजलास, तेही बघ. एकाच पायाला सूज आणि दुखणं, छातीत कळ, दम लागणं, अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, यांपैकी काही झालं तर उद्यावर ढकलायचं नाही.

आणि एक विचारते, तू लिहिलं नाहीस तरी. त्या दिवसांत "आपण नसलेलंच बरं" असं मनात येतं का? येत असेल तर वही, गोळी, सुट्टी सगळं नंतर. त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांग आणि डॉक्टरांकडे जा.

सुट्टी कमी करूनही मन शांत झालं नाही तर गोळ्या बदलत बसण्यापेक्षा फ्लुओक्सेटिन किंवा सर्ट्रालिनसारख्या औषधांचा विचार कर. नाव नैराश्याच्या औषधांत येतं म्हणून बायका दचकतात. पाळीआधीच्या त्रासात ती वेगळ्या रीतीने लागू पडतात: नैराश्यात गुण यायला काही आठवडे लागतात, इथे काही दिवसांत फरक दिसतो, आणि गोळीविना नैसर्गिक चक्र चालू असेल तर महिन्यातले फक्त शेवटचे दोन आठवडे घेऊनही चालतात. गर्भनिरोधक गोळीसोबत ती घेता येतात. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती मात्र "नैसर्गिक आहे" म्हणून स्वतःहून सुरू करू नकोस. ती गोळीचा परिणाम मारते. फिट्सवरचं कार्बामाझेपिन आणि क्षयावरचं रिफॅम्पिसिनही तेच करतात. कॅल्शियमने काहींना थोडा गुण येतो. बी-6 जीवनसत्त्वही लोक घेतात. ते मोठ्या मात्रेत बराच काळ घेतलं तर नसा दुखावतात, तेव्हा बेताने.

गोळ्या बंदच करायच्या ठरवल्यास तो निर्णय तुझा, आणि तो चुकीचा ठरणार नाही. फक्त दोन गोष्टी जाणून कर. पहिली, स्त्रीबीज पुन्हा सुटायला लागलं की जुने आठ-नऊ दिवस बहुधा परत येतील, कळांसकट. दुसरी, गर्भनिरोधनाची सोय आधी कर, मग पाकीट संपव. अर्ध्यावर सोडू नकोस. तांब्याची तांबी बसवलीस तर तिच्यात संप्रेरक नसतं. म्हणून ती पाळीआधीची चिडचिड वाढवणार नाही आणि घालवणारही नाही, पण अंगावरून जाणं वाढवू शकते. संप्रेरक असलेल्या तांबीवर बहुतेक जणींचं स्त्रीबीज सुटतच राहतं, त्यामुळे मनाच्या त्रासासाठी म्हणून ती बसवून घेऊ नकोस.

राहिला तुझा नवरा. "आली वाटतं तारीख जवळ" हे वाक्य मला अगदी ओळखीचं आहे. त्यात निरीक्षण असतं, पण ते भांडण जिंकायला वापरलेलं असतं. सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी तू जे म्हणतेस ते जास्त मोठ्या आवाजात म्हणत असशील, पण म्हणून ते खोटं ठरत नाही. एक कर. त्या दिवशी जे बोलावंसं वाटेल ते वहीच्या मागच्या पानावर लिही आणि पाकिटाच्या दहाव्या दिवशी वाच. काही ओळींवर तुला हसू येईल. ज्यांवर येणार नाही, त्या घेऊन त्याच्यासमोर बस, त्याच दहाव्या दिवशी. तेव्हा तारखेचं नाव काढायला त्याला जागा नसेल.